चॅनल अठरावरचा नवरा

टॅमसिनला नवरा मिळाला, तेव्हा त्याला मरून चार वर्षं झाली होती.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलंच नाही. टॅमसिन अविवाहित होती, सव्वीस वर्षांची होती, धडधाकट होती, आणि जुनी कॅरव्हॅन गाडीमागे जोडून लाल दऱ्यांच्या मुलखातून उत्तरेकडे निघाली होती. रस्त्याच्या वरच्या टोकाला एका गावात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवरे, भुतं, असल्या भानगडींना तिच्याकडे सवडच नव्हती.

कॅरव्हॅनच्या पाठीवर निळ्या रंगात लिहिलं होतं: ‘वॉली आणि नोरीन, चॅनल १८’. इकडची कॅरव्हॅनवाली जोडपी असंच लिहितात, म्हणजे मागून येणाऱ्याला रेडिओवर नावाने हाक मारता येते. वॉली चार वर्षांपूर्वी गेले. नोरीनबाईंचा गुडघा गेला. मग कॅरव्हॅन गेली, ती टॅमसिनकडे. विकताना बाईंनी एकच अट घातली होती: नावं खरवडून काढायची नाहीत, सवय आहे. सवय कोणाला, ते टॅमसिनने विचारलं नाही.

पलंगाखाली पुरुषाचे बूट सापडले. बारा नंबरचे, टाचा झिजलेले. टॅमसिनला आनंदच झाला. एकट्या बाईने मुक्कामाला दाराबाहेर मोठे बूट काढून ठेवावेत, ही इकडची जुनी शहाणी रीत. बूट बघून येणाराजाणारा समजून चुकतो की आत बूटवाला आहे. टॅमसिनने बूट घेतले आणि बुटांबरोबर नावही घेतलं. कोणी विचारलंच तर आपण नोरीन, आणि वॉली आत झोपलेत. नाव तसंही पडूनच होतं.

रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा. गाडी त्यावरून अशी थरथरत होती की टॅमसिनला स्वतःचे दात मोजून घ्यावेसे वाटत होते. पुढे एक पिवळा ग्रेडर चालला होता... रस्त्याच्या या लाटा पात्याने खरवडून सपाट करणारं धूड. त्याच्या मागेही एक छोटी कॅरव्हॅन बांधलेली होती, कारण ग्रेडरवाला जिथे संध्याकाळ होईल तिथेच राहतो. टॅमसिनने त्याला मागे टाकताना सुकाणूवरून एक बोट उचललं. काचेआडून एक बोट उचललं गेलं. इकडे नमस्कार एवढाच असतो.

थोड्या वेळाने रेडिओ खरखरला.

“नोरीनबाई, ऐकताय का?”

नोरीनबाई म्हणजे आपण, हे टॅमसिनच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“तुमच्या कॅरव्हॅनचं दार उघडलंय,” आवाज म्हणाला. “मागे एक पातेलं पडलंय.”

आवाज सावकाश होता, उबदार... चहात बुडवलेलं बिस्किट तुटण्याआधी क्षणभर थांबतं, तसा. टॅमसिन आभार मानायला तोंड उघडणार, तोच...

“आणि आता एक बूट. वॉलींना म्हणावं, दुसरा जपा.”

मैलोन् मैल रस्ता रिकामा. ती एकटी, मागे अनोळखी पुरुष. जीभ आपणहून वळली. “वॉली झोपलेत मागे.”

“एवढ्या हादऱ्यांत?”

“त्यांची झोप फार गाढ आहे,” टॅमसिन म्हणाली. आणि हे काही खोटं नव्हतं.

त्याने सांगितलं की तो लेनी, मागच्या ग्रेडरवरचा, यंदा पहिल्यांदाच या रस्त्यावर आलाय, आणि संध्याकाळी दरीकाठच्या मुक्कामाच्या तळावरच उतरणार आहे. सामान तिथे आणून देईल. टॅमसिनने दार लावलं. कडी सैल होती. तिने गाडीच्या आरशात पाहिलं. आपण केस नीट करतोय, हे दिसल्यावर तिने आरसाच वळवला.

दरी म्हणजे लाल खडकाच्या भिंतीत वरून खालपर्यंत पडलेली एक चीर, आणि चिरेच्या तळाशी हिरवंकाळं पाणी. वर बोआबची पोट सुटलेली झाडं. त्यांच्यावर पांढरे काकाकुवे, सगळे एकदम बोलणारे. तळ आंटी आयव्हीचा होता, आणि आंटीच्या आधी तिच्या आईचा, आणि तिच्या आधी मोजायची पद्धत नाही. आंटीच्या हातात एनॅमलचा मग कायमचा. तिने टॅमसिनकडे पाहिलं, कॅरव्हॅनच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा टॅमसिनकडे पाहिलं, आणि तिला खाली पाण्याकडे घेऊन गेली.

नव्या माणसाने इथे आधी पाण्याला ओळख द्यायची असते. दगड उचलायचा, अंगाचा घाम त्याला लावायचा, आपलं नाव मोठ्याने सांगायचं आणि दगड पाण्यात टाकायचा. मग जागेला कळतं कोण आलंय. मग ती सांभाळते.

टॅमसिनने दगड कपाळावर फिरवला. नाव सांगायला श्वास घेतला, आणि पायवाटेवरून लेनी उतरला. एका हातात पातेलं, एका हातात बूट. तोंडभर लाल धूळ आणि चष्म्याच्या जागी दोन गोरे गोल. आंघोळ अर्धी टाकून उठलेल्या घुबडासारखा. पण त्याने बूट पुसून आणला होता. पातेलंही. ‘झाकण काही दिसलं नाही,’ असं तो पुटपुटला आणि उगाच कड्याकडे बघत राहिला.

आता त्याच्यादेखत कोणतं नाव सांगणार?

“नोरीन,” टॅमसिन म्हणाली. डुबुक.

“आणि नवरा?” आंटीने विचारलं.

“झोपलेत.”

“मग त्याचा दगड तू टाक.” आंटीने लेनीच्या हातातल्या बुटाकडे मान उडवली. “आत घास. घाम घामच असतो.”

टॅमसिनने दगड बुटाच्या आतून फिरवला, “वॉली” म्हटलं आणि टाकला.

दगड पाण्याला लागला. पाणी दुभंगलं, मिटलं, वर्तुळं काठापर्यंत आली. आवाज आला नाही. काकाकुवे गप्प झाले होते. लेनीने मान तिरकी केली. आंटीने चहाचा घोट घेतला. तिघं परत फिरली, वाट चढली, निम्म्यावर आली, आणि मागून, फार खोलून, ऐकू आलं: डुबुक.

“उशिरा आला,” आंटी म्हणाली. “पण आला.”

संध्याकाळी टॅमसिनने बूट दाराशी मांडले, टोकं आत करून, आत शिरलेल्या माणसासारखे. सकाळी टोकं बाहेर होती. बूट ओले होते. एका नाडीची दुहेरी गाठ बांधलेली होती आणि टाचेला शेवाळ होतं.

लेनीचा चावटपणा, असं तिने ठरवलं. ठरवताना जरा गोडही वाटलं. जो मुलगा आपल्या दारातले बूट फिरवतो, त्याचं आपल्या दाराकडे लक्ष असतं. ती जाब विचारायला गेली. लेनी नळावर दात घासत होता. धूळ धुतल्यावर चेहरा चांगलाच निघाला होता.

“तुमचे मिस्टर लवकर उठतात,” तोच म्हणाला. “पाण्याकडे जाताना दिसले. मी हात केला, तर त्यांनी एक बोट उचललं.”

टॅमसिनच्या मानेवर काहीतरी गार चालत गेलं. “कसे... कसे दिसत होते?”

“पाठमोरे होते.” लेनीने ब्रश तोंडातून काढला. “तुमचे मिस्टर कसे दिसतात ते तुम्हाला ठाऊक नाही?”

“आठवण ताजी करतेय.”

तो हसला. हसणं आवरताना त्याने टॉवेलात तोंड लपवलं, आणि टॅमसिन जे विचारायला आली होती ते विसरली. विसरायचंच होतं तिला. ऊन लख्ख होतं, आणि लख्ख उन्हात कोणी मेलेल्या माणसाच्या चालण्याफिरण्यावर विचार करत नाही.

दुपारी दोघं चिरेच्या तोंडापर्यंत चालत गेली. वॉलींनाही विचारा, असं लेनी दोनदा म्हणाला. त्यांचा गुडघा दुखतो, असं टॅमसिनने दोनदा सांगितलं. शेवाळलेल्या दगडांपाशी त्याने हात पुढे केला. तळहात खरबरीत होता, आणि तो नुसताच पुढे होता, ओढत नव्हता. तिने धरला. दगड संपले तरी दोघांनाही ते कळलं नाही. टॅमसिन इतकी हलकी झाली की तिने तोंडाभोवती हात धरून कड्याला हाक घातली: “कू-ई!”

“कू-ई,” कडा तिच्याच आवाजात म्हणाला.

मग थांबून, जरा खोकून, दुसऱ्याच कोणाच्या आवाजात म्हणाला: “येतोय.”

लेनीने तिचा हात सोडला. “ते येतायत,” तो हळूच म्हणाला, चोरी पकडल्यासारखा.

टॅमसिनला सांगता आलं असतं. पण काय सांगायचं? की मी खोटारडी आहे, आणि तुम्ही ज्याला घाबरलात तो चार वर्षांपूर्वी वारलाय? पहिलं कबूल करायला लाज वाटत होती, दुसरं मोठ्याने बोलायला भीती. शिवाय कोणीतरी ऐकत होतं.

तरीही चहाच्या वेळेला तिने लेनीला बोलावलं. कॅरव्हॅनबाहेर दोन घडीच्या खुर्च्या, बीटच्या चकत्या घातलेले सँडविच, मध्ये एक माशी. उद्या ग्रेडर दक्षिणेला वळणार, असं त्याने सांगितलं. तू उत्तरेला, मी... असं काहीतरी त्याच्या तोंडून सुटलं आणि ‘तू’ म्हटल्याबद्दल तो माफी मागायला लागला. टॅमसिन म्हणाली, माफी कशाला, उलट... आणि तिने एकदाचं ठरवलं. “लेनी, मला तुम्हाला एक...”

काकाकुवे गप्प झाले.

“नोरीन,” कॅरव्हॅनमधला वॉलींचा जुना रेडिओ म्हणाला. म्हातारा, कुरबुरता, मायाळू आवाज. “चहा टाकलास का?”

लेनी उठला. टोपी छातीशी धरली. “निघतो मी. चांगले आहेत हो तुमचे मिस्टर. चहाला हाक मारतात.”

तो गेला. टॅमसिनने आत जाऊन पाहिलं. रेडिओ बंद होता. वायर तर तिने सकाळीच काढून ठेवली होती.

घाबरलेल्या माणसाने काय करावं, हे नर्सिंगमध्ये शिकवतात: चहा. तिने दोन कप केला. एक तिने प्यायला, दुसरा ओट्यावर ठेवून ती डोळे मिटून बसली. उघडले तेव्हा तो रिकामा होता आणि बशीत नीट पालथा घातलेला होता.

सकाळी ती पळाली. आंटीला न सांगता, लेनीच्या कॅरव्हॅनकडे न बघता. फाटकाबाहेरचा रस्ता लेनीने आदल्याच दिवशी सपाट केला होता, साडीचा काठ असावा तसा सरळ. टॅमसिनने वेग घेतला.

“डावीकडे घे, नोरीन,” गाडीतला रेडिओ म्हणाला.

डावीकडे काहीच नव्हतं. टॅमसिन नाकासमोर गेली. रस्ता कुठेही वळला नाही. तरी थोड्या वेळाने समोर फाटक आलं, बोआब आले, आणि ग्रेडर गरम करत बसलेला लेनी आला.

“काही विसरलात का?” त्याने रेडिओवर विचारलं.

तिने गाडी वळवली. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा “डावीकडे, डावीकडे, ऐकत जा जरा,” पुन्हा फाटक.

“नोरीनबाई,” लेनीचा आवाज आता जपून येत होता. “मिस्टरांना सांगा, इथे डावीकडे रस्ता नाही. मीच केलाय हा. यात वळणच नाही. मग तुम्ही... वळताय कशा?”

टॅमसिनने गाडी बंद केली, कपाळ सुकाणूवर टेकलं आणि रडायला लागली. उद्याची नोकरी, दक्षिणेला निघालेला ग्रेडर, आणि मागच्या सीटवरून दिशा सांगणारा, इतर सगळ्या नवऱ्यांसारखाच चुकीची दिशा सांगणारा, कोणा दुसरीचा नवरा. खिडकीवर टकटक झाली. आंटी आयव्ही मग घेऊन उभी होती.

आंटीला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. नोरीन दर हिवाळ्यात यायची, आंटीपेक्षा वयाने मोठी होती. आणि तिचा म्हातारा... आंटी गेलेल्या माणसाचं नाव घेत नसे.

“मग बोलला का नाहीत?” टॅमसिनने डोळे पुसत विचारलं.

“तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस. पाण्याशी बोललीस. ते तुम्ही दोघं बघून घ्या.” आंटीने घोट घेतला. “माणूस वाईट नाही. तू हाक मारलीस, तो आला. बायकोला मोठ्या रस्त्यावर एकटी सोडायचा नाही तो, तुला कसा सोडेल? जा. पाण्याला खरं सांग.”

खाली चीर सावलीत होती. पाणी इतकं स्थिर की त्याच्यावर बोट ठेवलं तर ठसा उमटेल. टॅमसिनने दगड उचलला, गालावरचे अश्रू त्याला पुसले. घामापेक्षा तेच जास्त होते. पाण्यात तिचं प्रतिबिंब होतं. मग शेजारी दुसरं आलं, हातात काहीतरी गोल चकाकतं धरलेलं. लेनी. ती मागे वळली नाही, कारण पाण्यात तिसरंही होतं. टोपी, वाकलेले खांदे, कमरेवर हात. आणि ते दोघांच्या मध्ये उभं होतं.

“मी टॅमसिन,” ती पाण्याला म्हणाली. “नोरीन नाही. मला नवरा नाही, कधीच नव्हता. एकटी होते म्हणून खोटं बोलले. मग एकाला खरं सांगावंसं वाटलं, तर तो इतका सभ्य निघाला की... सांगायला जागाच ठेवली नाही त्याने.”

डुबुक. लगेच.

तिने दुसरा दगड घेतला. “वॉली, नोरीन इथे नाहीत. त्या खाली किनाऱ्यावर बहिणीकडे असतात. गुडघा फार दुखतो. कॅरव्हॅन माझ्या ताब्यात दिली ना, तेव्हा तिच्या पत्र्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, कॅरव्हॅनची आठवण येतेय.”

डुबुक.

वर, काठावरच्या कॅरव्हॅनमध्ये रेडिओ खरखरला. नुसतीच खरखर, लांबच लांब, कोणी श्वास घेऊन धरून ठेवल्यासारखी.

“...बरं, पोरी,” आवाज म्हणाला. आणि जरा वेळाने, “दार नीट लावत जा. कडी सैल आहे.”

पाण्यात आता दोनच माणसं होती. त्यांच्यात एका माणसाची जागा मोकळी होती. लेनीने ती हळूहळू, पाय न वाजवता, भरून काढली.

“टॅमसिन,” त्याने नाव चाखून पाहिलं. “तुला... ‘तू’ म्हटलं तर चालेल ना?”

“चालेल.”

“झाकण द्यायचं होतं.” हातातलं चकाकतं गोल त्याने पुढे केलं.

“कुठे सापडलं?”

“पातेल्याच्या शेजारीच.”

“म्हणजे पहिल्याच दिवशी?” ती वळली. “आणि आज देतोयस?”

“आजही देणार नव्हतो. दक्षिणेला घेऊन जाणार होतो. म्हटलं, काहीतरी तरी... असावं.” त्याचे कान धुळीशिवायही लाल होते.

“दुसऱ्याच्या बायकोच्या पातेल्याचं झाकण?”

“म्हणून तर पातेलं परत केलं.”

टॅमसिन हसली. कडाही हसला, आणि तिने कान देऊन ऐकलं: तो तिच्याच आवाजात हसला, एकदाच. तिने झाकण घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याच हातात ठेवलं. “तुझ्याकडेच राहू दे. पण परत द्यायला उत्तरेला यावं लागेल.”

रस्ता त्या दिवशी सरळ होता आणि सरळच गेला. शेवटच्या बोआबपाशी टॅमसिनने आरशात पाहिलं. फाटकाशी ग्रेडरमधून एक बोट वर झालं होतं. आणि फाटकाच्या जरा बाजूला, जिथे कोणीच उभं नव्हतं, तिथेही बहुतेक.

लेनी झाकण परत द्यायला आला. मग ते विसरून आला, म्हणून पुन्हा आला. पावसाळा सरेपर्यंत त्याचं असंच विसरणं चाललं होतं. पुढच्या हिवाळ्यात दोघं किनाऱ्यावर गेली आणि नोरीनबाईंना गुडघ्यासकट गाडीत घालून दरीवर घेऊन आली. चहाच्या वेळेला काकाकुवे गप्प झाले, तेव्हा बाईंनी पदराला हात पुसावेत तसे स्कर्टला पुसले आणि बंद रेडिओचा माइक उचलला.

“वॉली,” त्या म्हणाल्या, “तू पोरीला डावीकडे सांगत होतास म्हणे. उजवीकडे होतं.”

आणि रेडिओ खरखरत भांडायला लागला. आंटी आयव्हीने टॅमसिन आणि लेनीला खुणेनेच उठवलं. परक्या नवराबायकोचं बोलणं ऐकू नये, ही रीत सगळीकडे सारखीच आहे.

त्यानंतर राजधानीतल्या कचेरीला पाठवलेला अर्ज असा:

माननीय रेडिओ लहरी नियंत्रण अधिकारी यांस,

विषय: चॅनल १८ कायमस्वरूपी राखून ठेवणेबाबत.

महोदय, उपरोक्त दरीच्या परिसरात दररोज दुपारी चहाच्या वेळेत चॅनल १८ अन्य कोणत्याही व्यक्तीने, वाहनाने अथवा ग्रेडरने वापरू नये, असा आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावा. सदर वेळेत तो अर्जदार क्रमांक तीन व चार यांच्या घरगुती वापरात असतो. अर्जदार क्रमांक एक व दोन हे नवविवाहित असून त्यांची याबाबत कोणतीही हरकत नाही. अर्जदार क्रमांक चार हयात नसल्याने त्यांच्या सहीच्या जागी ओल्या बुटाचा ठसा ग्राह्य धरावा, ही नम्र विनंती.